निवळशंख पाण्याची चौकशी

वैशाखात पालघर-बोईसर पट्ट्यातील विहिरींचे काठ पहाटेपासून गजबजू लागतात. अनेक गावांत सूर्या नदीचे पाणी नळाने पोहोचले आहे. तरीही नळ किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो आणि घरामागची विहीर किंवा अंगणातली कूपनलिका हाच कुटुंबाचा खरा आधार ठरतो. पाणी उपसावे, कळशीत ओतावे, उजेडाकडे धरून पाहावे, वास घ्यावा, घोटभर चाखावे, ही पाणी पारखण्याची आपली पिढीजात रीत. गढूळपणा, कुजट वास आणि खारेपणा हे दोष ओळखण्यासाठी ती आजही उपयोगी आहे. परंतु काही दोष असे असतात की पाणी निवळशंख दिसते, चवीला गोड लागते आणि तरीही ते पिण्यायोग्य नसते. जमिनीखाली झिरपलेले पेट्रोल हा त्यांपैकी एक. त्याचा शोध लावण्यासाठी नाक आणि जीभ अपुरी पडतात. त्यासाठी जमिनीलाच प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे निरीक्षण विहीर.

तारापूरची पार्श्वभूमी

तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली, तरी तिच्याकडे जाणारा प्रवासी उतरतो तो पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर. औषधे, रंग, कीटकनाशके, कापडप्रक्रिया, पोलाद अशा नाना उद्योगांची ही वसाहत सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांच्या अगदी कुशीत वसलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ७० पेक्षा अधिक गुण म्हणजे अतिप्रदूषित, असा त्याचा निकष. तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशाच्या त्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आले.

त्याआधीच, २०१६ मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले होते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची ही संघटना. खाडीतील आणि समुद्रातील मासळी घटली, पाणी बिघडले, ही तिची तक्रार. वसाहतीतील सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे सामुदायिक केंद्र रोज अडीच कोटी लिटर क्षमतेचे होते आणि त्याच्याकडे येणारे सांडपाणी त्या क्षमतेपेक्षा अधिक होते. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने १०३ उद्योगांवर आणि प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या संस्थेवर मिळून सुमारे १८६ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई आकारण्याचा आदेश दिला.

हा सारा वाद मुख्यतः रासायनिक सांडपाण्याचा होता, पेट्रोलचा नव्हता. मग येथे पेट्रोलचा विषय का? दोन कारणांसाठी. पहिले असे की, जेथे कारखाने तेथे मालमोटारी, टँकर आणि इंधनाच्या भूमिगत टाक्या असणारच. मनोर-चारोटीच्या महामार्गापासून बोईसरच्या रस्त्यांपर्यंत पेट्रोलपंप आहेत आणि त्यांच्या शेजारी वस्तीही आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पेट्रोलमधील टोल्युइन आणि झायलिन हीच द्रव्ये औषध आणि रसायन उद्योगांत द्रावक म्हणूनही वापरली जातात. त्यामुळे पेट्रोल शोधण्यासाठी जी पद्धत लागते, तीच या परिसरातील इतर अनेक अदृश्य प्रदूषकांनाही लागू पडते. पेट्रोलची चौकशी कशी करतात हे ज्याला कळले, त्याला तारापूरच्या भूजलाची चौकशी कशी व्हायला हवी हेही कळते.

एक लिटर पेट्रोल, पावणेनऊ लाख लिटर पाणी

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्यातील चार नावे लक्षात ठेवावीत: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलिन. त्यांतही बेंझीन सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अस्थिमज्जेवर, म्हणजे जेथे आपले रक्त तयार होते त्या ठिकाणी, त्याचा आघात होतो. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास रक्तक्षय आणि रक्ताचा कर्करोग यांचा धोका वाढतो. वाढत्या वयाची मुले आणि गर्भवती यांच्याबाबत म्हणूनच अधिक सावधगिरी हवी.

पिण्याच्या पाण्यात बेंझीन एका लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. आपल्याकडील भारत स्टेज-६ पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. आता साधा हिशेब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिलिटर, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास, बेंझीन असू शकते. ते सारे पाण्यात विरघळले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास ते पुरेसे आहे. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर भरतील इतके हे पाणी. प्रत्यक्षात बरेचसे बेंझीन हवेत उडून जाते आणि काही जमिनीतील जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा घडत नाही. पण भूमिगत टाकीच्या सांध्यातून रोज थोडे थोडे झिरपणारे पेट्रोल किरकोळ का समजू नये, हे त्यावरून ध्यानात येते.

जिभेला बेंझीनची चव कळायला लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम तरी लागते. म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट. पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तर त्या विहिरीचे पाणी तत्काळ बंद करावे, हे उघड आहे. वास येत नाही म्हणून निर्धास्त व्हावे, असे मात्र नाही.

जमिनीखाली काय घडते

फुटलेल्या टाकीतून निघालेले पेट्रोल मुरमातून, मातीतून खाली उतरते. वाटेत काही मातीच्या कणांना चिकटते, काहीची वाफ होते. उरलेले भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचले की तेथे थांबते, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. भाजीवरच्या तर्रीसारखा त्याचा थर पाण्यावर तरंगतो. या तवंगातून बेंझीन हळूहळू पाण्यात विरघळते आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर उताराकडे सरकू लागते. चुलीतून निघालेला धूर वाऱ्याच्या दिशेने लांबत जावा, तसा हा विरघळलेल्या विषाचा पट्टा जमिनीखाली लांबत जातो.

पालघरच्या भूमीत या प्रवासाला तीन वळणे मिळतात. पहिले वळण काळ्या कातळाचे. येथील बेसॉल्ट खडकात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे मुरत नाही. ते सांध्यांतून आणि भेगांतून वाट काढते. एखादी भेग पंपाच्या दक्षिणेला दूरवरच्या कूपनलिकेशी जोडलेली असेल आणि जवळची पश्चिमेची विहीर मात्र कोरी राहील, असे घडू शकते. किनाऱ्याकडे, सातपाटी-केळव्याच्या बाजूला, वाळूचे आणि गाळाचे थर आहेत. तेथे प्रवाहाचे वागणे निराळे असते.

दुसरे वळण पावसाचे. श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात आणि वैशाखात तळ गाठतात. पाणी चढते-उतरते तसा तवंगही चढतो-उतरतो आणि दर वेळी मातीला नवा लेप देतो. पुढच्या पावसात वर आलेले पाणी तो लेप धुऊन घेते. त्यामुळे एकाच विहिरीचा मे महिन्यातील अहवाल आणि ऑक्टोबरमधील अहवाल वेगळा येऊ शकतो. तिसरे वळण आपल्या उपशाचे. उन्हाळ्यात एखाद्या वाडीतील पंप तासन्‌तास चालला की भोवतालचे भूजल त्याच्याकडे ओढले जाते आणि त्याबरोबर विषाचा पट्टाही वळतो. गेल्या वर्षी स्वच्छ असलेली विहीर यंदा तशीच असेल, याची खात्री म्हणूनच देता येत नाही.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, हेही येथे ध्यानात घ्यावे. जमिनीतील जिवाणूंना इथेनॉल अधिक रुचते. ते आधी इथेनॉल फस्त करतात, त्या भरात तेथला प्राणवायू संपतो आणि बेंझीनचे विघटन मागे पडते. परिणामी बेंझीनचा पट्टा अधिक लांब जाऊ शकतो.

निरीक्षण विहीर म्हणजे काय

आपली घरगुती विहीर पाणी देण्यासाठी खोदलेली असते. निरीक्षण विहीर माहिती देण्यासाठी. ती दिसायला अगदी साधी. जमिनीत अरुंद छिद्र पाडून त्यात नळी बसवतात. नळीच्या खालच्या भागाला बारीक फटी असतात. फटींभोवती धुतलेली बारीक खडी किंवा वाळू भरतात, तिच्या वर फुगणाऱ्या चिकणमातीचा, म्हणजे बेंटोनाइटचा, थर देतात आणि अगदी वर सिमेंट ओततात, म्हणजे पृष्ठभागावरचे सांडपाणी नळीच्या कडेने खाली उतरत नाही. तोंडाला कुलूपबंद झाकण असते.

यातील एक बारकावा फार मोलाचा आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते; म्हणून फटींचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे असावा लागतो. फटी केवळ खोल पाण्यात ठेवल्या, तर तवंग नळीबाहेरच राहील आणि विहीर ‘सारे ठीक’ अशी खोटी साक्ष देईल. पावसाळी आणि उन्हाळी पातळीत मोठा फरक पडणाऱ्या आपल्या भागात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. खोल कूपनलिकेचा एखादा नमुना तपासून पंपाखालची जमीन निर्दोष ठरवणे याच कारणाने चुकीचे आहे.

एक निरीक्षण विहीर पुरेशी नसते. भूजल कोणत्या दिशेला वाहते हे कळण्यासाठी किमान तीन विहिरी त्रिकोणात हव्यात. तिन्हींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात मोजली की उतार कोणीकडे आहे ते कळते. मग एक विहीर टाकीच्या वरच्या अंगाला ठेवतात. ती ‘येताना पाणी कसे होते’ ते सांगते. बाकीच्या खालच्या अंगाला. त्या ‘जाताना पाणी कसे झाले’ ते सांगतात. दोन्हींतील फरक हा खरा पुरावा. वरच्या अंगाची विहीर नसेल, तर प्रदूषण आमचे नव्हे, शेजाऱ्याचे आहे, असे म्हणायला प्रत्येकाला वाव राहतो. तारापूरसारख्या दाटीच्या वसाहतीत तर हा वाद ठरलेलाच. कातळाच्या भेगांमुळे तीनऐवजी अधिक विहिरी लागू शकतात. त्यांच्या जागा भूवैज्ञानिकानेच ठरवाव्यात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. भूजलाचा साठा किती आहे हे त्यावरून कळते आणि ते काम मोठेच आहे. पण त्या बहुतांशी गावातील खोदलेल्या विहिरी असतात. विशिष्ट टाकीची किंवा कारखान्याची गळती पकडण्यासाठी त्या बांधलेल्या नसतात. ‘आमच्या गावात निरीक्षण विहीर आहे’ एवढ्याने समाधान मानू नये. ती कशासाठी आहे, हा पुढचा प्रश्न विचारावा.

नमुना कसा घेतात

पाण्याच्या बाटलीत विहिरीचे पाणी भरून प्रयोगशाळेत नेले की झाले, असा आपला समज असतो. बेंझीनच्या बाबतीत असा नमुना व्यर्थ जातो. हे द्रव्य चटकन उडून जाते. उघड्या बादलीतून अर्ध्या रिकाम्या बाटलीत ओतेपर्यंतच त्यातील बराच भाग हवेत निघून जातो आणि अहवालात पाणी आहे त्यापेक्षा चांगले दिसते.

योग्य रीत अशी. आधी विहिरीतील पाण्याची पातळी आणि तवंग असल्यास त्याची जाडी मोजतात. नंतर नळीत साचून राहिलेले शिळे पाणी उपसून टाकतात. तापमान, आम्लता आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की ताजे भूजल आले असे समजतात. मग संथ धारेने, खळखळाट न होऊ देता, काचेच्या लहान कुप्या काठोकाठ भरतात. झाकण लावल्यावर कुपी उलटी करून पाहतात. आत हवेचा एकही बुडबुडा दिसता कामा नये. कुपीत आधीच थोडे आम्ल घातलेले असते, म्हणजे जिवाणू बेंझीन खात नाहीत. कुप्या बर्फाच्या पेटीत सुमारे चार अंशांवर ठेवतात आणि चौदा दिवसांच्या आत तपासतात. त्यांच्यासोबत शुद्ध पाण्याची एक कुपीही प्रवास करते. त्या कुपीत बेंझीन सापडले, तर दोष वाटेतला आहे, विहिरीतला नाही, हे ओळखता येते.

अहवाल कसा वाचावा

येथे सर्वसामान्य कुटुंबाची सर्वाधिक फसगत होते. नेहमीच्या पाणीतपासणीत विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जिवाणू पाहिले जातात. जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन जे तपासणी संच दिले गेले, त्यांचाही भर याच घटकांवर आहे. ही तपासणी आवश्यकच आहे, कारण जुलाब आणि कावीळ यांपासून ती आपल्याला वाचवते. बेंझीन मात्र तिच्या कक्षेत येत नाही. घरातला टीडीएस मोजणारा काटाही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. पेट्रोल क्षार नाही. त्याने काटा हलत नाही.

म्हणून तपासणी करवताना प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलिन तपासून हवे आहेत. प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता पाण्यातील याच घटकांसाठी आहे का, ते विचारावे. नमुना शक्यतो त्यांच्याच माणसाकडून घ्यावा. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर शेजारी शोधमर्यादा पाहावी. यंत्राची शोधमर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम असेल आणि सुरक्षिततेची मर्यादा ०.०१ असेल, तर त्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ उरत नाही.

घरगुती उपायांची मर्यादा

पाणी उकळून प्यावे, ही आपली शहाणी सवय; जंतूंसाठी ती योग्यच. पेट्रोल मिसळलेले पाणी मात्र घरात उकळू नये. बेंझीनची वाफ होऊन ती स्वयंपाकघरातील हवेत पसरते आणि श्वासावाटे शरीरात जाते. अशा पाण्याने बंद न्हाणीघरात कढत पाण्याची अंघोळ करणेही त्याच कारणाने टाळावे. ‘पीत नाही, फक्त अंघोळीला वापरतो’ हे समाधान येथे अपुरे आहे. तुरटी आणि क्लोरीन यांचा बेंझीनवर उपयोग होत नाही. आरओच्या पडद्यावर विसंबू नये. सक्रिय कोळसा बेंझीन शोषून घेतो खरा, पण त्याची क्षमता संपली की तो काही न सांगता निकामी होतो. तेव्हा दूषित विहिरीवर घरगुती गाळणीचा तोडगा काढण्यापेक्षा पाण्याचा दुसरा स्रोत मिळवणे हाच खरा उपाय.

विहिरीतून पेट्रोलचा वास येत असेल, तर तिच्याजवळ काडी, कंदील किंवा विडी पेटवू नये, पंप सुरू करू नये आणि कोणत्याही कारणाने कोणाला विहिरीत उतरू देऊ नये. बंदिस्त जागेत साठलेली वाफ पेट घेते आणि माणसाला बेशुद्धही करते. ग्रामपंचायत, अग्निशमन दल आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय यांना लेखी कळवून पोच घ्यावी.

दूषित पाणी बराच काळ वापरले गेले असे निष्पन्न झाले, तर घाबरून न जाता डॉक्टरांना ही माहिती द्यावी आणि त्यांच्या सल्ल्याने रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. थकवा आणि डोकेदुखी शंभर कारणांनी होते. विहिरीचा इतिहास सांगितला, तरच डॉक्टरांना योग्य दिशेने विचार करता येतो.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

अमेरिकेत भूमिगत टाक्यांच्या गळतीची पद्धतशीर नोंद १९८४ नंतर सुरू झाली आणि आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्या निश्चित झाल्या. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराने १९९६ साली पेट्रोलमधील एका घटकामुळे आपल्या विहिरी बंद केल्या आणि जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा गमावला. तेथे गळती अधिक होती म्हणून हे आकडे मोठे आहेत, असे समजण्याचे कारण नाही. तेथे शोध घेतला म्हणून ते समोर आले. आपल्याकडे नोंद नसणे म्हणजे गळती नसणे, असा अर्थ काढता येत नाही.

अर्थात प्रत्येक पेट्रोलपंपाकडे संशयाने पाहावे, असेही नाही. दुहेरी भिंतीची टाकी, रोजच्या साठ्याचा चोख हिशेब आणि वेळच्या वेळी होणारी दाबचाचणी यांनी गळती मुळातच रोखता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि वस्ती यांपासून ५० मीटर अंतराचे मार्गदर्शक तत्त्व घातले आहे. प्रश्न जुन्या टाक्यांचा आणि न झालेल्या मोजमापाचा आहे.

एका कुटुंबाला निरीक्षण विहीर परवडत नाही आणि ती त्या कुटुंबाची जबाबदारीही नाही. ती टाकीच्या आणि कारखान्याच्या मालकाची आहे. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा, हे तत्त्व हरित लवादाच्या कायद्यातच नमूद आहे. कुटुंबाने करायचे ते एवढेच: ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारायचे. आमच्या विहिरींच्या वरच्या अंगाला कोणत्या भूमिगत टाक्या आहेत आणि त्या किती जुन्या आहेत? त्यांच्या खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी आहेत का? त्यांचे पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासले जाते का? आणि ते अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत का लागत नाहीत? उत्तर न मिळाल्यास हेच चार प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या अर्जात उतरवता येतात.

मांगेला समाजातील मच्छीमारांनी समुद्राच्या पाण्याची चौकशी लवादापर्यंत नेली, कारण मासळीची घट त्यांना जाळ्यात रोज दिसत होती. विहिरीखालच्या पाण्याची घट अशी दिसत नाही. येत्या ग्रामसभेला जाताना आपल्या विहिरीपासून जवळच्या पंपापर्यंतचे आणि कारखान्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून कागदावर लिहून न्यावे, जमिनीचा उतार कोणीकडे आहे तेही त्यात दाखवावे. चौकशीची सुरुवात एवढ्या कागदावरही होऊ शकते.